सही करण्याआधीचे सहा आठवडे: फोन सिस्टिमच्या एका कंपनीची आम्ही केलेली पारख

नाशिकमध्ये आमचं इंटरकॉम, ईपीएबीएक्स आणि सीसीटीव्हीचं काम आहे. ईपीएबीएक्स किंवा पीबीएक्स म्हणजे बाहेरच्या थोड्या लाईन आतल्या अनेक फोनांना, म्हणजे एक्स्टेंशनना, वाटून देणारं मशीन. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. सोबत काका आहेत. नात्याने काका नव्हेत, वडिलांच्या वेळेपासूनचे टेक्निशियन. गिऱ्हाईक म्हणजे अंबड-सातपूरचे कारखाने, शहरातली हॉस्पिटलं, महामार्गावरची हॉटेलं, काही शाळा.

यातल्या बऱ्याच भिंतींवर पॅनासोनिकचं ८२४ लटकलेलं आहे. तीन लाईन आणि आठ एक्स्टेंशनवर सुरू होणारं, कार्डं टाकत गेलं की आठ लाईन आणि चोवीस एक्स्टेंशनपर्यंत जाणारं मशीन. वर्षानुवर्षं धूळ खात चालतं. पॅनासोनिकने पीबीएक्सचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आम्हाला कळलं की ही मशीन आज ना उद्या बदलावी लागणार, आणि बदलून काय लावायचं ते आम्हाला आत्ताच ठरवावं लागणार.

त्याच सुमारास एका आयपी फोन सिस्टिमच्या कंपनीचा माणूस दुकानात आला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. कारखाना चीनमध्ये, भारतातलं ऑफिस दिल्लीत. आयपी पीबीएक्सचा डबा, आयपी फोन आणि वरून क्लाउड सेवा, म्हणजे मोबाईल ॲप, कॉल रेकॉर्डिंग आणि दुरून प्रोग्रॅमिंग. उत्तर महाराष्ट्रासाठी ‘ऑथराइज्ड पार्टनर’ व्हा म्हणाला. मार्जिन २८ टक्के, त्यातले २३ बिलावर आणि उरलेले ५ वर्षाचं टार्गेट पूर्ण झालं की क्रेडिट नोटने. अट एकच, याच प्रकारचा दुसरा ब्रँड विकायचा नाही.

भाऊ लगेच तयार होता. एका हॉस्पिटलची चाळीस एक्स्टेंशनची चौकशी हातात होती, आणि दर खरंच चांगले होते. काका म्हणाले, “आधी एक डबा टेबलावर ठेवा. महिनाभर त्रास देऊ त्याला.” आम्ही डेमोचा एक डबा आणि चार फोन डिपॉझिट भरून घेतले. सहा आठवडे लागले. त्यात काय सापडलं आणि त्यावरून काय ठरवलं, ते इथे जसंच्या तसं मांडतो आहे. आमच्यासारखे लहान डीलर सध्या याच जागी उभे आहेत, आणि कंपनीच्या पीपीटीमध्ये यातलं काहीच नसतं.

लाईन सुटेना

पहिला आठवडा सरळ गेला. फोन रजिस्टर झाले, ऑटो अटेंडंटवर, म्हणजे आलेला फोन आपोआप उचलून बोलणाऱ्या सोयीवर, भावाच्या आवाजात मराठी संदेश टाकला, ट्रान्सफर, पिकअप, कॉन्फरन्स सगळं चाललं. आवाज स्वच्छ. दुसऱ्या आठवड्यात दुकानाची जुनी तांब्याची लँडलाईन डब्याच्या ट्रंक पोर्टला, म्हणजे बाहेरची लाईन जोडायच्या जागेला, लावली आणि पहिल्याच संध्याकाळी ती लाईन अडकली.

झालं असं. मी मोबाईलवरून लँडलाईनला फोन लावला, ऑटो अटेंडंट बोलायला लागला आणि मी मध्येच कट केला. डब्यावरचा ट्रंकचा हिरवा दिवा तसाच पेटलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुन्हा फोन लावला तर एंगेज. डब्याच्या हिशेबाने पहिला माणूस अजून लाईनवरच होता.

या धंद्यातल्या कुणालाही हे नवीन नाही. साध्या लाईनवर समोरच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज पीबीएक्सला वेगळं काही कळवतंच असं नाही. काही ठिकाणी लाईनच्या दोन तारांची पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे, उलटते. बाकी ठिकाणी फक्त एंगेज टोन वाजू लागतो, आणि तो टोन ओळखून लाईन सोडणं हे पीबीएक्सचं काम. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा आहे, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. काकांनी डब्याच्या वेबपेजवर खोलात जाऊन टोनच्या सेटिंगचं पान शोधून काढलं. देश ‘इंडिया’ निवडलेला होता, पण आतले आकडे ४५० हर्ट्झ, ३५० मिलिसेकंद चालू, ३५० बंद. हे चीनचे आकडे. म्हणजे यादीत भारताचं नाव घातलं होतं, त्यामागे काम केलेलं नव्हतं.

आम्ही आकडे हाताने बदलले. तीन वेळा टोन ऐकला की लाईन सोड, असं सांगितलं. सुटली. एकदाच ऐकून सोडायला लावलं, तर एका बाईंशी बोलता बोलता लाईन तुटली, कारण त्यांच्या मागे कसला तरी बझर वाजत होता. म्हणून तीन.

मग दुसरी लाईन लावली, फायबरची. ओएनटी म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो छोटा डबा. त्याच्या मागच्या फोन पोर्टमधून येणारा टोन एक्स्चेंजचा नसतो, तो ओएनटी स्वतः तयार करतं, आणि आमच्या ओएनटीच्या टोनचा ठेका वेगळा निघाला. म्हणजे प्रत्येक ट्रंकला वेगळे आकडे हवेत. या डब्यात अख्ख्या मशीनला मिळून एकच सेटिंग. तांब्याची लाईन सुटायची तेव्हा फायबरची अडकायची, आणि उलटही.

हे बारीक वाटेल. पण हॉस्पिटलला चार लाईन असतात. रात्री चार जणांनी ऑटो अटेंडंट ऐकून फोन ठेवला की चारही अडकल्या. सकाळी कुणीतरी डबा बंद करून चालू करेपर्यंत त्या हॉस्पिटलला बाहेरून फोन लागणार नाही. तो फोन ज्याला लागत नाही तो कंपनीच्या दिल्ली ऑफिसला ओळखत नाही. हॉस्पिटलच्या मॅडमच्या मोबाईलमध्ये माझा नंबर आहे.

तक्रार केल्यावर काय होतं

डबा बिघडणार हे आम्ही धरूनच चालतो. आम्हाला बघायचं होतं की तक्रार कुठे जाते. भावाने पोर्टलवर तिकीट टाकलं, टोनच्या रेकॉर्डिंगसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘कृपया देश इंडिया निवडा’, आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं. या वेळी भारतातल्या इंजिनिअरचा फोन आला. बोलायला चांगला माणूस, त्याला मुद्दा एका मिनिटात कळला. पण त्याच्या हातात काही नव्हतं, फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, चीनमधून येतं. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे त्यांचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेतीन. आपल्या हॉटेलवाल्यांची तक्रार संध्याकाळी चेक-इनच्या गर्दीत येते.

सुधारलेलं फर्मवेअर अठराव्या दिवशी आलं. प्रत्येक ट्रंकला वेगळी सेटिंग, अगदी मागितलं तसं. याचं श्रेय मी त्यांना मोकळ्या मनाने देतो. मोठ्या नावाच्या कंपनीने आमच्यासारख्या दुकानासाठी इतकं केलं नसतं. पण ते आलं कसं? व्हॉट्सॲपवर, एका फाईल शेअरिंगच्या लिंकवर. कंपनीच्या साइटवर नाही, फाईल मूळचीच आहे का ते पडताळायचा चेकसम नाही, काय बदललं ते सांगणारी रिलीज नोट नाही. आणि डब्याने ते काही न विचारता चढवून घेतलं.

काकांना यात वावगं वाटलं नाही, मला वाटलं. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या नावाजलेल्या फोन सिस्टिमच्या डेस्कटॉप ॲपमध्ये घातक कोड सापडला होता. तो कोड कंपनीच्याच डिजिटल सहीच्या, अधिकृत अपडेटमधून गिऱ्हाइकांच्या संगणकांवर पोहोचला होता. जिथे फाईलवर रीतसर सही होत होती तिथे हे घडलं. इथे तर लिंक कुणी पाठवली आणि वाटेत तिला कुणाचा हात लागला का, हे तपासायची सोयच नव्हती. आम्ही लेखी विचारलं की फर्मवेअरवर सही असते का, सही नसलेली फाईल डबा नाकारतो का, आणि सुरक्षेची चूक सापडली तर डीलरला किती दिवसांत कळवता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘पुढच्या आवृत्तीत’ अशी आली. तिसऱ्याचं आलंच नाही.

त्याच आठवड्यात एक रात्र डबा उघड्यावर ठेवला. इंटरनेटवरचा कायमचा पत्ता म्हणजे स्टॅटिक आयपी, एसआयपीचा (आयपी फोन ज्या भाषेत बोलतात ती) ५०६० पोर्ट राउटरमधून सरळ आत सोडलेला, लाईन काढून घेतलेल्या. मुद्दाम, कारण घाईत असलेला इन्स्टॉलर साइटवर नेमकं हेच करतो. सकाळी लॉग उघडला तर पानंच्या पानं भरलेली. कुठकुठले पत्ते १००, १०१, १००१ अशी एक्स्टेंशन ठोकून बघत होते. एकही आत शिरला नाही, कारण पासवर्ड डबा स्वतः लांबलचक तयार करतो, ही जमेची बाजू. पण चुकीचे प्रयत्न करणारा पत्ता अडवायची सोय बंद ठेवलेली होती आणि आंतरराष्ट्रीय कॉल सगळ्या एक्स्टेंशनना मोकळे होते. दोन्ही उलटं असायला हवं होतं. शनिवारी रात्री कुणी आत शिरला तर सोमवारी सकाळपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जात राहतात, आणि बिल गिऱ्हाइकाच्या नावावर येतं. आमच्या इन्स्टॉलेशनच्या कागदावर आता ही दोन कामं सगळ्यात वर लिहिलेली आहेत, डबा कुठल्याही कंपनीचा असो.

बाकी तांत्रिक चाचण्या थोडक्यात सांगतो. बँकेच्या ‘एक दाबा, दोन दाबा’वर बटणं नीट जात होती. बँडविड्थची विक्रेत्यांना उगाच भीती असते. जी.७११ कोडेकवर, म्हणजे आवाजाचा डेटा करायच्या नेहमीच्या पद्धतीत, एका कॉलला इथरनेटवर एका दिशेने साधारण ८७ किलोबिट लागतात, वीस कॉल एकाच वेळी चालले तरी पावणेदोन मेगाबिट. खरी अडचण विजेची आहे. जुन्या फोनला वीज पीबीएक्सकडूनच त्या दोन तारांतून मिळते, म्हणून दिवे गेले तरी यूपीएसवर एक डबा ठेवला की सगळे फोन जिवंत. आयपी फोनला पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज देणारा स्विच, लागतो, आणि प्रत्येक मजल्यावरचा स्विच यूपीएसवर घ्यावा लागतो. कंपनीच्या कोटेशनमध्ये हे कुठेच नव्हतं. आम्ही घातलं तर आमचं कोटेशन महाग दिसणार, नाही घातलं तर पहिल्या शटडाउनला शिव्या खाणार. आम्ही घातलं.

नंबर कुणाच्या नावावर

डब्याइतकाच वेळ क्लाउड सेवेला दिला आणि तिथे मन बसलं नाही. कंपनीची योजना अशी की गिऱ्हाइकाला नंबरही त्यांच्याकडूनच मिळेल. मी विचारलं, नंबर देणारी परवानाधारक टेलिकॉम कंपनी कोणती? केवायसी कुणाचं होणार? बिल कुणाच्या नावाने? उत्तर आलं, नंबर आमच्या भागीदार कंपनीच्या खात्यावर राहील, गिऱ्हाइकाने काळजी करू नये.

काळजी तिथेच करायची असते. हॉस्पिटलचा नंबर पाट्यांवर, रिपोर्टांवर आणि ॲम्ब्युलन्सवर छापलेला असतो. तो तिसऱ्याच्याच खात्यावर असेल आणि कंपनीचं त्या भागीदाराशी भांडण झालं, तर गिऱ्हाइकाला तो नंबर परत मागायला जागा कुठे? शिवाय कनेक्शनसाठी गिऱ्हाईक जोडणारे एजंट आणि फ्रँचायझी यांची टेलिकॉम कंपनीकडे ‘पॉइंट ऑफ सेल’ म्हणून नोंद हवी, असं दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये बंधनकारक केलं आहे. आमच्याकडून नंबर विकून घेणार असाल तर आमची नोंद कोण करणार, हेही विचारलं. विक्रीच्या माणसाला हा नियम माहीत नव्हता. त्याच्यावर राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

माहितीपत्रकात आणखी एक वाक्य होतं. मुंबईचं ऑफिस आणि सिन्नरचा कारखाना इंटरनेटने जोडा आणि मुंबईच्या लाईनवरून बाहेर कॉल करून एसटीडी वाचवा. मी म्हटलं, हे आपल्याकडच्या नियमात बसतं असं लेटरहेडवर लिहून द्या. ते पत्र आलं नाही. मुळात आता देशभर अमर्याद कॉलचे प्लॅन असताना वाचवायला एसटीडी उरली आहे कुठे? हे पत्रक दुसऱ्या कुठल्या तरी देशासाठी लिहिलेलं होतं.

मग शेवटची चाचणी. डेमोच्या क्लाउड सेवेची मुदत संपू दिली. मोबाईल ॲप बंद पडलं, ते अपेक्षितच. डब्यावरचे आतले कॉल आणि लाईन चालू राहिल्या, याचा जीवाला फार दिलासा वाटला. पण आधी झालेली रेकॉर्डिंगही उघडेनात. नूतनीकरणाचे पैसे भरा, मग ऐका. गिऱ्हाइकाचे स्वतःचे कॉल, स्वतःच्या डब्यावर, आणि कुलूप कंपनीचं. हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

सोडून गेलेला डीलर

कंपनीने संदर्भासाठी तीन डीलरांचे नंबर दिले. तिघेही खूश होते, आणि असणारच, नावं कंपनीनेच दिली होती. आम्हाला सोडून गेलेला माणूस हवा होता. ओळखीतून मराठवाड्यातला एक सापडला. मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “दादा, सही केली की करायचीय?” करायचीय म्हटल्यावर पाऊण तास बोलले.

माल वाईट नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. पावसाळ्यात वीज पडून एका हॉटेलचा ट्रंकचा भाग जळला. वॉरंटीचा माल दिल्लीला पाठवायचा, कुरिअर आपल्या खर्चाने, आणि बदली डबा यायला महिना लागला. तोवर त्यांनी स्वतःच्या खिशातून दुसरा डबा लावून हॉटेल चालवलं. पण ते सोडून गेले ते वेगळ्याच कारणाने. त्यांनी चार महिने पाठपुरावा केलेल्या एका शिक्षण संस्थेला कंपनीने थेट दर दिला. करारात डील रजिस्ट्रेशनचं, म्हणजे डीलरने नोंदवलेलं गिऱ्हाईक त्याचंच राहील असं, कलम नव्हतं, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही.

त्यांच्याशी बोलल्यावर आम्ही पैशाचं गणित पुन्हा मांडलं. १,८०,००० रुपयांच्या सिस्टिमवर २३ टक्के म्हणजे ४१,४००. क्रेडिट नोटचे ९,००० टार्गेट झालं तर, म्हणून ते धरायचेच नाहीत. त्यातून दोन माणसांचे चार दिवस, पहिल्या वर्षाच्या फुकट फेऱ्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्टँडबाय. बदली माल महिन्याने येणार असेल, तर आमच्या कपाटात एक डबा कायम तयार हवा, आणि त्याचे पैसे आमचे अडकणार. पहिल्या दोन साइटचा नफा त्या कपाटातच जातो. भावाने ही बेरीज स्वतः केली, आणि त्यानंतर टार्गेटचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

राहिला प्रश्न कंपनी टिकेल का, हा. याचं खात्रीचं उत्तर कुणाकडे नसतं. फोन सिस्टिममधली मोठी कंपनी नोर्टेल जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचा ऑफिस फोनचा धंदा अवायाने विकत घेतला. पुढे अवायाने स्वतःच २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला. याच धंद्यातल्या मायटेलवर २०२५ मध्ये तीच वेळ आली. म्हणून आम्ही ताळेबंदावरून भविष्य सांगायचा नाद सोडला आणि फक्त एक विचारलं: उद्या तुम्ही नसाल तर हा डबा काय काय करत राहील? तो प्रमाणित एसआयपी बोलतो का, दुसऱ्या कंपनीचे फोन लागतात का, बॅकअप फाईल वाचता येईल अशी निघते का? दुसऱ्या दोन कंपन्यांचे फोन आम्ही लावून बघितले. लागले. बीएलएफची, म्हणजे कुठलं एक्स्टेंशन बोलतंय ते दिव्याने दाखवणारी, बटणंही चालली. म्हणजे डबा मेला तरी गिऱ्हाइकाने फोनांवर घातलेले पैसे वाचतात.

काय ठरलं

आम्ही ऑथराइज्ड पार्टनरच्या करारावर सही केली नाही. त्याऐवजी चार कलमं लिहून पाठवली: दुसरा ब्रँड विकायची मुभा आणि टार्गेट नाही, नोंदवलेल्या डीलला सहा महिने कंपनी थेट दर देणार नाही, सात दिवसांत बदली डबा, तोही मुंबईच्या गोदामातून, आणि सेवा संपली तरी जुनी रेकॉर्डिंग उघडी. सोबत विकायच्या प्रत्येक मॉडेलचं टीईसी प्रमाणपत्र (टेलिकॉम उपकरणांचं सरकारी प्रमाणपत्र) आणि ॲडॉप्टरवरचा बीआयएस क्रमांक (भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक) मागितला. ही कागदं दोन दिवसांत आली. त्यावर छापलेले मॉडेल नंबर आणि डब्याच्या तळाचे नंबर काकांनी भिंग घेऊन जुळवले. एका फोनचा शेवटचा अंक जुळला नाही. ते मॉडेल आम्ही यादीतून काढलं.

पहिली दोन कलमं कंपनीने मान्य केली आणि मार्जिन २० वर आणलं. सात दिवसांच्या जागी पंधरा लिहिले, आम्ही घेतले, कपाटात एक डबा ठेवायचाच असं ठरवून. रेकॉर्डिंगच्या कलमावर ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं.

त्यामुळे आज आम्ही फक्त डबा आणि फोन विकतो, त्यांची क्लाउड सेवा नाही. लाईन आणि एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाईन) गिऱ्हाईक स्वतःच्या नावावर थेट टेलिकॉम कंपनीकडून घेतं, आम्ही अर्ज भरायला मदत करतो. अंबडचा एक कारखाना आणि एक शाळा सुरू आहेत. दोन्हीकडे पहिल्या दिवशी काकांनी लाईनवर फोन लावून, ठेवून, दिवा विझेपर्यंत उभं राहून बघितलं.

हॉस्पिटलचं काम गेलं. त्यांना रेकॉर्डिंग हवंच होतं, आणि कुलपाची गोष्ट मी त्यांच्या मॅडमना स्पष्ट सांगितली. त्यांनी दुसऱ्या डीलरकडून दुसऱ्या ब्रँडचं घेतलं. भावाला त्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं. चाळीस एक्स्टेंशनचं काम आमच्याकडे रोज येत नाही. रेकॉर्डिंगच्या कलमाचा मेल मी दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पाठवतो. मागच्या वेळी त्या इंजिनिअरचा स्वतःहून फोन आला, पण दुसऱ्याच कामासाठी. इंडियाच्या यादीत घालायला ४०० हर्ट्झचे नेमके आकडे आणि आमच्या ओएनटीचा ठेका त्याला हवा होता. काकांनी वहीतून वाचून दाखवले.